कोडमधली लांब अट ओळींत मोडताना && ओळीच्या शेवटी ठेवायचा की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला?

काटापावती (सांगली):
ऊस कारखान्याच्या बिलिंगचं काम जावास्क्रिप्टमध्ये आहे, हिशेब जुळवायच्या स्क्रिप्ट पायथनमध्ये. पावतीचं बिल काढायचं की नाही, ते ही अट ठरवते:

पावती && पावती.भरवजन > पावती.रिकामेवजन && सभासद.नोंद || पावती.गेटकेन && !पावती.रद्द

(गेटकेन म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरून आलेला ऊस.) ओळ ८० अक्षरांच्या पुढे गेलीय आणि वाहतुकीच्या दोन अटी अजून यायच्यात. && कुठे ठेवायचा यावरून टीममध्ये दोन तट पडलेत.

मिरजकर_कोडवाला:
भाऊ, ओळ राहू दे, आधी कंस बघा. && (आणि) हा || (किंवा) च्या आधी बांधला जातो. म्हणजे तुमच्या अटीचा अर्थ "पहिल्या तिन्ही गोष्टी, किंवा गेटकेन आणि रद्द नाही" असा होतो. नोंद असलेल्या सभासदाची पावती रद्द झाली तरी तिचं बिल निघणार. पावती नल असली, म्हणजे नसलीच, तर डावी बाजू खोटी ठरते, मग उजवीकडचं पावती.गेटकेन तपासलं जातं आणि टाइपएरर येतो. प्रेटियर (कोडची मांडणी आपोआप करणारं साधन) इथे कंस घालून देईल, पण याच चुकीच्या अर्थाचे. तुम्हाला हवंय ते असं:

(
    पावती
    && !पावती.रद्द
    && पावती.भरवजन > पावती.रिकामेवजन
    && (सभासद.नोंद || पावती.गेटकेन)
)

ऑपरेटर सुरुवातीला असला की डावी कड वरून खाली वाचत गेलं तरी आणि-किंवा कळतं. शेवटी नवी अट जोडली तर डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) एकच ओळ दिसते; ऑपरेटर शेवटी ठेवला तर आधीच्या ओळीलाही && चिकटवावा लागतो, म्हणून दोन. पेप ८ मध्ये (पायथनच्या शैली-नियमांत) २०१६ पासून नव्या कोडसाठी हीच सूचना आहे. गूगलची जावा शैलीही ऑपरेटरच्या आधी मोडते, पण त्यांचीच सी++ शैली && शेवटी ठेवते, तेव्हा धर्मयुद्ध नको. गो भाषेत मात्र शेवटीच ठेवावा लागतो, नाहीतर कंपायलर आधीच्या ओळीला अर्धविराम लावून मोकळा होतो. जावास्क्रिप्टमध्येही रिटर्ननंतर थेट नवी ओळ घेऊ नका, अनडिफाइंड परत जाईल. कंस रिटर्नच्याच ओळीवर उघडा.

कृष्णाकाठ:
प्रेटियर वापरत असाल तर वाद तिथेच मिटला, तो && शेवटी टाकतो. ३.५ पासून सुरुवातीला ठेवायचा प्रायोगिक पर्याय आहे, पण फक्त त्यासाठी सगळं रेपो हलवू नये असं माझं मत.

वाहतुकीच्या अटी आल्या की नुसत्या ओळी मोडून भागायचं नाही. ऊसपात्र, वाहतूकपात्र अशी नावं देऊन तुकडे वेगळे काढा. फक्त एक सांभाळा: && मुळे नल पावतीपाशीच तपासणी थांबत होती. "निव्वळ = पावती.भरवजन - पावती.रिकामेवजन" ही ओळ अटीच्या वर नेली की ती दरवेळी चालते, नल पावतीवरही, आणि तिथेच फुटते. म्हणून पावती नसेल किंवा रद्द असेल तर फंक्शनमधून सुरुवातीलाच परत फिरा, तुकडे त्याच्या खाली. अशी उलटी अट लिहिताना && चा || होतो: !(अ && ब) म्हणजे !अ || !ब. नुसती उद्गारचिन्हं लावून && तसाच ठेवला की रद्द पावत्या निसटतात.

काटापावती (सांगली):
कंसाचं ध्यानातच आलं नव्हतं, आजच दुरुस्त करतो. पायथनमध्ये फ्लेक८ (कोडची शैली तपासणारं साधन) ऑपरेटर आधी ठेवला तर डब्ल्यू५०३ ही तक्रार देतो, नंतर ठेवला तर डब्ल्यू५०४. करायचं काय?

मिरजकर_कोडवाला:
कॉन्फिगमध्ये "इग्नोर" ची स्वतःची यादी दिलेली असणार. हे दोन्ही नियम एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून मुळात दोन्ही बंद असतात. स्वतःची यादी दिली की मूळ यादी पुसली जाते आणि दोन्ही जागे होतात. "इग्नोर" ऐवजी "एक्स्टेंड-इग्नोर" लिहा. आणि पायथनमध्ये ओळ मोडायला बॅकस्लॅश नको, त्याच्यामागे एक स्पेस राहिली तरी सिंटॅक्स एरर येतो. अटीभोवती कंस घातला की पुरे.