पहिले अंतराळवीर तुम्हाला कधी, कुठं आठवले? (इंदूरकरांनो, लिहा)

रामबागवाला
मागच्या महिन्यात पाठीचा एमआरआय झाला. चाळीस मिनिटं त्या नळकांड्यात, हातात रबरी फुगा दिलेला, घाबरायला झालं तर दाबा म्हणून, आणि मी सातव्या-आठव्या मिनिटालाच दाबला. बाहेर काढलं, पाणी पाजलं, परत आत. दुसऱ्या खेपेला डोळे घट्ट मिटले आणि कुठून कोण जाणे गागारिन आठवला, अंतराळात गेलेला पहिला माणूस, शाळेत त्याच्यावर भाषण ठोकलं होतं कधीतरी. त्याचं ते यान म्हणजे 2.3 मीटर व्यासाचा गोळा, आणि फुगा दाबला तरी बाहेर काढणारं कोणी नाही. बरं, यानाचा ताबाही कुलपात, कारण वजन नाहीसं झालं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का हेच कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ताबा सोडवायचा 125 हा कोड पाकिटात बंद करून ठेवलेला. (तो त्याला आधीच गुपचूप सांगून टाकला होता म्हणे, माणसं सगळीकडे सारखीच.) 108 मिनिटांची सगळी फेरी, त्यात परतताना मागचा भाग वेळेवर सुटेना, यान गरगर फिरतंय, मग सात किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट बाहेर फेकला गेला तो पॅराशूटनं शेतात उतरला, समोर एक आजी आणि तिची नात. वय 27. आमचे चिरंजीवपण 27चेच, ते रात्री देवासहून एकटे गाडी आणतात तर ही दारात उभी असते.
तर माहिती नका टाकू, ती सगळ्यांकडे आहे. स्वतःचं सांगा.

मिलवाल्यांची नात
आमचे आजोबा मालवा मिलमधे साचेखात्यात होते. जून 1963मधे तेरेश्कोवाची, अंतराळात गेलेल्या पहिल्या बाईची, बातमी आली तेव्हा त्यांना अंतराळाचं काही नाही वाटलं, त्यांना वाटलं ते एवढंच की अरे ही तर मिलमधली पोरगी! आणि खरंच होतं ते, यारोस्लाव्हलच्या कापड गिरणीत कामाला, आईसुद्धा गिरणीत, बाप युद्धात गेलेला, आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन पॅराशूटच्या उड्या मारायची. आजोबांनी पेपरातला फोटो कापून पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. पुढं आत्यानं होळकर कॉलेजला सायकलनं जायचं काढलं तेव्हा घरात केवढा तमाशा, पणजी तर जेवेना, तर आजोबांनी काही न बोलता ट्रंक उघडून ठेवली ओसरीवर. बस. दुसऱ्या दिवशी आत्या सायकलवर.
48 प्रदक्षिणा घातल्या हो तिनं, जवळजवळ तीन दिवस एकटी, तोपर्यंतच्या सगळ्या अमेरिकन अंतराळवीरांचे तास एकत्र केले तरी हिचे जास्त. आईला सांगून गेली होती की ट्रेनिंगला चाललेय. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे, तिचा राग वेगळाच, म्हणते एकीला पाठवून फोटो काढले आणि दुसरी पाठवायला 19 वर्षं लावली. बरोबरच आहे तिचं, सवित्स्काया 1982ला गेली.

पीथमपूर शिफ्ट
मला पहिल्यांदा उडणाऱ्यांपेक्षा अपोलो 7 या अमेरिकन यानाचे तिघं मोठे वाटतात, का ते सांगतो. 27 जानेवारी 1967ला ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अपोलो 1चे अंतराळवीर जमिनीवरच आगीत गेले, साधी चाचणी चाललेली, खाली रॉकेटमधे इंधनसुद्धा नव्हतं. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबानं भरलेला, ठिणगी पडली आणि संपलं. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. आमच्याकडे प्रेशर टेस्टिंगवाल्यांना हे सांगावं लागत नाही, आत दाब वाढला की असं दार दहा पैलवानांना हलत नाही. नंतर दार बदललं, बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत उघडणारं केलं, वायरिंग बदललं, आतलं जळाऊ सामान काढलं. आणि ऑक्टोबर 1968मधे शिरा, आयझली, कनिंगहॅम त्याच जातीच्या यानात जाऊन बसले, 11 दिवस. माझ्या लाइनवर एकदा एका पोराचा हात मशीनमधे आला होता, वाचला पोरगा, गार्ड बसवला, सगळं सेफ करून दिलं, पण दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर उभं राहायला कोणी तयार नाही. शेवटी मीच उभा राहिलो आणि भिया, खोटं कशाला बोलू, पाय लटलट कापत होते.

सराफा रात्री बारा
सगळे धाडस धाडस करून राहिलेत, अंतराळात पाठवलेल्या लायका कुत्रीला कोणी विचारलं होतं का? 3 नोव्हेंबर 1957, परत आणायची सोयच केलेली नव्हती, काही तासांतच उष्म्यानं गेली. रस्त्यावरचं कुत्रं होतं ते, मॉस्कोचं. आमच्या गल्लीतल्या कालूला रोज पोळी घालतो मी, मला नाही वाचवत ती गोष्ट.

माहेर ग्वाल्हेर
वरच्यांशी सहमत. माझं थोडं वेगळं. ग्वाल्हेरला गणेशोत्सवातल्या नाटकात दोन महिने नायिकेची तालीम केली मी, ऐनवेळी मूळ नायिका तापातून उठली आणि मी विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला. घरी येऊन रडले तर बाबा म्हणाले, रवीश मल्होत्रा माहितेय? नव्हतं माहीत. राकेश शर्मा सगळ्यांना पाठ, 3 एप्रिल 1984, सोयुझ टी-11, पण त्यांच्या बरोबरीनं रशियन शिकून, तेच सगळं ट्रेनिंग घेऊन मल्होत्रा जमिनीवर राहिले, शेवटच्या क्षणापर्यंत तयार. गागारिनच्या जागी राखीव ठेवलेला तितोव्ह तरी चार महिन्यांत गेला वर, 17 प्रदक्षिणा, अंतराळात झोपणारा पहिला माणूस तोच (आणि मळमळलेलापण). मल्होत्रांना ती संधी आलीच नाही. त्या वेळी बाबांचा रागच आला होता, मला नायिका व्हायचं होतं, उदाहरण नको होतं.

मिलवाल्यांची नात
@रामबागवाला काका, दुसऱ्या खेपेला फुगा दाबलात का ते नाही सांगितलं तुम्ही.

रामबागवाला
नाही दाबला. पण बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, काका, फुगा तर केव्हाच हातातून निसटून खाली लोंबत होता.