परदेशात शिकवताना बंद, संप, कर्फ्यू : तुमचे अनुभव सांगा

सप्टेंबर २०२५मध्ये नेपाळमधल्या तरुणांच्या आंदोलनाने दोन दिवसांत सरकार पाडलं. काठमांडूतलं सरकारचं मुख्यालय, सिंहदरबार, जळताना टीव्हीवर दिसलं आणि माझ्या मनात आधी आल्या त्या तिथल्या शाळा. आपल्यातले कितीतरी जण परक्या देशात शिकवतात आणि अशा दिवसांतून जातात. घरच्यांना फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगतात. इथे सविस्तर लिहा. घर कसं चालवलंत, वर्गाचं काय केलंत, आणि मुलांनी 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' असं विचारल्यावर काय सांगितलंत? सुरुवात मीच करते.

काठमांडू, २००६

मी तिथल्या एका बोर्डिंग शाळेत गणित शिकवत होते. राजा ज्ञानेंद्रांच्या विरोधात सात पक्षांनी ६ एप्रिलपासून चार दिवसांचा बंद पुकारला. तो लांबत गेला आणि २४ एप्रिलच्या रात्री राजाने संसद पुन्हा बहाल केली तेव्हाच थांबला. बंद आम्हाला नवे नव्हते. माओवाद्यांच्या विद्यार्थी संघटनेने खासगी शाळा आधीही बंद पाडल्या होत्या. पण बंद पक्षांचा असतो, त्यात गाडी काढली नाही तर पायी हिंडता येतं. कर्फ्यू सरकारचा. त्यात गल्लीच्या तोंडाशी जायचीही सोय नाही. मोबाईल बंद केलेले होते, त्यामुळे कर्फ्यूच्या वेळा रेडिओवर ऐकायच्या आणि मधल्या ढिलाईत भाजीसाठी धावायचं. तराईतून येणारे ट्रक अडकले होते. टोमॅटो आणि गॅस मिळणं मुश्कील झालं होतं.

नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं. वैशाख लागला, शाळा उघडली नाही. डोंगराकडची काही मुलं रस्ते बंद म्हणून वसतिगृहातच अडकली होती. त्यांना मी गच्चीवर बसवून भूमिती शिकवायचे. रिंगरोडच्या बाजूने जळत्या टायरांचा धूर दिसायचा, घोषणा ऐकू यायच्या. दहावीतल्या एकाचे वडील सैन्यात होते, त्याच्याच बाकावरच्या मुलाचा भाऊ माओवाद्यांबरोबर गेला होता. दोघं एकाच कंपासपेटीतून वर्तुळं काढायचे. त्या दुसऱ्यानेच एकदा मला विचारलं, ''मिस, तपाईं कसको पक्षमा?'' मी म्हणाले, राज्य कसं चालावं हे तुम्ही ठरवायचं, तो हक्क माझा नाही. पण नि:शस्त्र माणसावर गोळी झाडणं मला चूकच वाटतं, मग ती कोणीही झाडो. आजही मी हेच सांगेन.

ओरोमिया, इथिओपिया, २०१६

ताई, तुमचं उत्तर पटलं. मला मात्र तेवढंही बोलणं शक्य नव्हतं.

इथिओपियातल्या विद्यापीठांत भारतीय प्राध्यापक पुष्कळ. मीही त्यांतलाच, स्थापत्य अभियांत्रिकीचा. ओरोमिया या ओरोमो लोकांच्या प्रांतात २०१५च्या अखेरीपासून सरकारविरोधी निदर्शनं चालू होती. कित्येक शाळा महिनोन्महिने बंद राहिल्या, तरी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा ठरल्या दिवशीच घ्यायचं ठरलं. तेव्हा मे महिन्यात आंदोलनाच्या बाजूच्या लोकांनी पेपरच फोडला आणि परीक्षा रद्द करायला लावली. मी स्वतः परीक्षक आहे, पेपरफुटीचं समर्थन माझ्या तोंडून येणार नाही. पण ज्या मुलांच्या शाळेला कुलूप होतं त्यांनी काय लिहायचं होतं, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

२ ऑक्टोबरला बिशोफ्तूमध्ये ओरोमोंच्या इरेचा सणाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. पाठोपाठ आणीबाणी आली, मोबाईलवरचं इंटरनेट गेलं. त्याआधी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक जिंकताना इथिओपियाचा धावपटू फेयिसा लिलेसाने डोक्यावर मनगटं आडवी धरली होती, ओरोमोंच्या आंदोलनाची ती खूण. आणीबाणीत तिच्यावरही बंदी आली. वर्गाचा फोटो काढायचा झाला तर मुलांचे हात खाली आहेत ना, हे मी आधी बघायचो, नाहीतर फोटो त्यांच्याच जिवावर उठला असता.

हजेरी पुकारणं मी बंद केलं. एखादं नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही की तो गावी गेलाय की तुरुंगात, हे सगळ्या वर्गाला माहीत असायचं आणि मला कोणी सांगायचं नाही. कोऱ्या कागदावर सह्या घ्यायला लागलो. परत आलेल्यांसाठी संध्याकाळी जादा तास घेतले, पण कुठे होतास हे कोणाला विचारलं नाही. माझ्या मते परक्या मास्तराने करायचं ते हेच. बाजू घेण्याची उबळ येते, पण आपल्याला फार तर विमानात बसवून देतील, किंमत ती मुलं मोजतात.

रेन, फ्रान्स, २०२३

माझा अनुभव या दोघांपुढे फारच सौम्य. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्धचा संप. विद्यार्थ्यांनी सभेत हात वर करून नाकेबंदी ठरवली, दारांशी खुर्च्या-टेबलांचा ढीग रचला आणि आम्हाला नम्रपणे परत पाठवलं. संपावर जायचा हक्क माझ्यासारख्या परदेशी शिक्षिकेलाही होता, त्या दिवसाचा पगार कापून. मी गेले. तिथे भीती नव्हती म्हणून जाता आलं, हे वरचं वाचून जास्तच जाणवतंय.

ढाका, २०१५ आणि २०२४

२०१५मध्ये अवरोध (म्हणजे वाहतूक रोखणं) आणि हरताळ इतके लागोपाठ होते की दहावीच्या बोर्डाचे पेपरसुद्धा शुक्रवार-शनिवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी घेतले गेले. आमच्या शाळेनेही आठवडा तसाच फिरवला. बसवर पेट्रोल बॉम्ब पडायचे, म्हणून बस टाळून आम्ही सायकलरिक्षाने जायचो. हरताळात रिक्षांना सहसा अडवत नसत.

२०२४चा जुलै मात्र वेगळा होता. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्धचं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, १८ तारखेला इंटरनेट गेलं, १९च्या रात्री कर्फ्यू लागला. आमच्या आदल्या वर्षीच्या बॅचची मुलं रस्त्यावर होती आणि त्यांच्या आया आम्हा शिक्षकांच्या घरी चौकशीला यायच्या. आमच्याकडे द्यायला बातमी नसायची, तरी त्या बसून राहायच्या.

नव्याने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथे पुष्कळ घरांत विजेचे प्रीपेड मीटर आहेत. नेट गेल्यावर रिचार्ज होईना, लोक वीज कार्यालयांपुढे रांगा लावून उभे. मोबाईलवरून पैसे पाठवणंही अडलं. तेव्हा मीटरमध्ये महिन्याभराची रक्कम आधीच भरून ठेवा, रोख रक्कम घरात असू द्या, आणि दूतावासाचा व शेजाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवा.