सेन्सर कुठेही चिकटवा, सॉफ्टवेअर बघून घेईल? नाही बघणार!

घट्टस्क्रू: काल एकाने ठासून लिहिलं, ‘आयएमयू (त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो एकत्र असलेला सेन्सर) रोबोवर कुठेही चिकटवा, फिल्टर निस्तरतो.’ डोकंच फिरलं. नवीन मुलं हे वाचतात आणि महिनाभर पीआयडीचे (मोटर नियंत्रणाच्या सूत्राचे) आकडे बदलत बसतात.

हिशेब करा. सेन्सर फिरण्याच्या अक्षापासून १० सेंमी लांब, रोबो सेकंदाला एक गिरकी घेतोय. अ‍ॅक्सेलरोमीटरवर जवळपास ४ मी/से² जास्तीचे येतात, म्हणजे गुरुत्वाच्या ४० टक्के. रोबो सपाट जमिनीवर आहे आणि रीडिंग म्हणतंय २२ अंश कललाय. गिरकी चालू आहे तोवर ही चूक तशीच राहते. लो-पास फिल्टर (फक्त जलद चढउतार गाळणारा) तिला हातही लावणार नाही.

कोडकर: ते मीच लिहिलं होतं. कोनीय वेग जायरो देतो, अंतर पट्टीने मोज आणि जास्तीचं त्वरण काढून वजा कर, दोन ओळींचा कोड आहे. शिवाय चौकट ताठ असेल तर जायरोला जागेचा फरकच पडत नाही. मध्यभागी बॅटरी असते, तिथे सेन्सर घुसवू कुठे?

घट्टस्क्रू: जायरोचं मान्य. पण वजाबाकी एकसारख्या गिरकीपुरती. गिरकी सुरू होताना आणि थांबताना कोनीय त्वरण येतं. त्यासाठी जायरोचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घ्यावं लागतं, आणि त्यात नॉइज किती वाढतो ते एकदा आलेख काढून बघ.

थरथर: जागेवरून काय भांडताय, खरा शत्रू कंपन आहे. खाली फोम लावा, विषय संपला.

घट्टस्क्रू: संपला कसा? बोर्ड जेमतेम काही ग्रॅमचा. एवढ्या हलक्या वजनाला तो फोम दगडासारखाच, कंपन सरळ वर येतं. बोर्डाला आधी वजन जोडा, मग फोम. आणि फार मऊ घेतलात तर बोर्ड स्वतःच डोलतो, जायरो तेही इमानदारीत मोजतो.

थरथर: माझा बॅलन्सिंग रोबो फोमवरच उभा राहिला. पुस्तकी ज्ञान नको.

पातळवायर: तुमच्या वायरी कसल्या होत्या? माझ्याकडे फोम होता, वजनही होतं, तरी आलेख केसाळच. बोट लावलं तर जाड जंपर वायरी मोटरबरोबर थरथरत होत्या आणि बोर्डाला ओढत होत्या. पातळ सिलिकॉनच्या, थोड्या सैल सोडल्या आणि रेघ सरळ झाली.

थरथर: वायरी पातळच होत्या. म्हणूनच चाललं असेल, ठीक आहे. पण फोमला नावं ठेवू नका.

कोडकर: कंपनाला सॉफ्टवेअर आहेच की.

घट्टस्क्रू: मोटर ९८ हर्ट्झला थरथरतेय आणि तू १०० हर्ट्झने वाचतोयस. तुला २ हर्ट्झचं संथ डोलणं दिसणार, आणि ते खऱ्या हालचालीपासून वेगळं काढणारा कोड नाही. ते वाचण्याआधीच अडवावं लागतं.

कोडकर: मग एमपीयू-६०५० या आयएमयू चिपच्या आतला फिल्टर ४४ हर्ट्झवर ठेव आणि जलद वाच. पाच मिलिसेकंदांचा उशीर चालतो.

घट्टस्क्रू: हे बरोबर. पण मग ‘कुठेही चिकटवा’ हे वाक्य मागे घे.

कोडकर: ‘जमेल तितकं मध्यात’ असं करतो. बॅटरीचं सांग.

घट्टस्क्रू: दोन छोट्या पॅकमध्ये विभाग, दोन्ही बाजूंना. आणि मध्य म्हणजे डिफरेन्शिअल ड्राइव्हमध्ये (दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणाऱ्या रोबोत) दोन चाकांच्या मधला बिंदू, चौकटीचा नव्हे.