मस्टँगच्या वंशावळीतून ‘मस्टँग टू’ला वगळणे कितपत न्याय्य आहे?

लांबपल्ला (चर्चाप्रस्ताव)

फोर्ड मस्टँगच्या पिढ्यांविषयी चर्चा निघाली, की ती १९६४च्या पहिल्या गाडीपासून सुरू होते, १९६९-७०च्या ‘बॉस’ मस्टँगपाशी रेंगाळते आणि तेथून थेट १९७९च्या ‘फॉक्स’ पिढीवर उडी मारते. मधल्या पाच मॉडेल-वर्षांतील (अमेरिकेत पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या अखेरीसच बाजारात येते), म्हणजे १९७४ ते १९७८ या काळातील ‘मस्टँग टू’चा उल्लेख झालाच, तर तो घरातल्या वाया गेलेल्या मुलाचा व्हावा तसा ओशाळवाण्या सुरात होतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मस्टँगच्या मूळ कल्पनेशी सर्वांत प्रामाणिक राहिलेली पिढी कोणती असेल, तर ती ही दुसरीच.

मूळ कल्पना काय होती, हे आधी पाहू. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या पोटात फोर्डच्याच ‘फाल्कन’ या साध्या कौटुंबिक गाडीचे सुटे भाग होते आणि किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. लहान, हलकी, देखणी आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसालाही परवडणारी गाडी, एवढाच फोर्डमधील अधिकारी ली आयकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब होता. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या खपल्या. त्यानंतर मात्र १९६७, १९६९ आणि १९७१ अशा प्रत्येक बदलात ही गाडी फुगत गेली. १९७१ची मस्टँग पहिल्या गाडीपेक्षा सुमारे आठ इंच लांब आणि जवळपास पावणेतीनशे किलो जड होती. १९६६ या मॉडेल-वर्षात सहा लाखांवर असलेला खप १९७२मध्ये सव्वा लाखावर आला. जी गाडी आपण ‘खरी’ म्हणून मिरवतो, तिच्याकडे तिच्याच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली होती.

मस्टँग टूने ती सूज उतरवली. १९७४ या पहिल्याच वर्षात तिच्या सुमारे तीन लाख श्याऐंशी हजार गाड्या तयार झाल्या आणि पाच वर्षांत हा आकडा अकरा लाखांच्या वर गेला. ही पिढी आली नसती, तर आज चर्चा करायला मस्टँग उरलीच असती का, हा माझा प्रश्न आहे.

व्हीआठप्रेमी

लांबपल्ला, आपले आकडे बरोबर आहेत, पण आपण ते सोयीच्या जागी थांबवले आहेत. १९७५मध्ये तोच आकडा एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर आला, म्हणजे एका वर्षात निम्म्याहून खाली. पहिल्या वर्षाच्या यशाचे श्रेय गाडीला द्यायचे की तेलाला, हेही तपासावे लागेल. मस्टँग टू सप्टेंबर १९७३मध्ये बाजारात आली आणि ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पेट्रोलपंपांवर रांगा लागलेल्या असताना कमी तेल पिणारी कोणतीही बरी दिसणारी गाडी खपलीच असती. ज्या संकटाची रचनेच्या वेळी कोणाला कल्पनाही नव्हती, त्याचे भांडवल दूरदृष्टी म्हणून मिरवणे मला पटत नाही.

दुसरे असे, की ‘ती नसती तर मस्टँग मेली असती’ हा युक्तिवाद शेजारच्या शेव्हरोले कमॅरोकडे पाहिले की टिकत नाही. कमॅरोने आकार घटवला नाही, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन सोडले नाही आणि चार सिलिंडरचा मार्गही धरला नाही. त्याच काळात ती तगली आणि १९७७मध्ये तिने विक्रीत मस्टँगला प्रथमच मागे टाकले. म्हणजे मोठी, रुबाबदार गाडी हवी असणारा ग्राहक तेव्हाही होता, फक्त तो समोरच्या दुकानात गेला होता.

आणि प्रामाणिकपणाचे म्हणाल, तर मस्टँग टूचे ‘कोब्रा टू’ हे दिखाऊ मॉडेल आठवून पाहा. बॉनेटवर हवा आत घेण्यासाठी असावी अशी उंच खोबण, पण तिच्यातून हवा कोठेच जात नाही. अंगावर शेल्बीच्या जुन्या वेगवान मस्टँगसारखे दोन जाड पट्टे, मागे स्पॉयलर, आणि आत १९७५पासून परतलेले ३०२ घन इंचांचे व्ही-८ इंजिन, ज्याची शक्ती १४०च्या पुढे जात नव्हती. त्याआधी १९७४मध्ये तर अमेरिकेत व्ही-८ मुळीच मिळत नव्हते. मूळ इंजिन चार सिलिंडरचे, ८८ अश्वशक्तीचे. ही फोर्डच्याच ‘पिंटो’ या लहान, स्वस्त गाडीवर चढवलेली झूल आहे, मस्टँग नव्हे.

लांबपल्ला

व्हीआठप्रेमी, तेलटंचाईचा फायदा झाला हे उघड आहे, पण गाडी लहान करण्याचा निर्णय तेलासाठी झालेलाच नव्हता. टोयोटा सेलिका आणि फोर्डच्याच युरोपीय शाखेची कॅप्री या गाड्या १९७०च्या सुमारास अमेरिकेत आल्या आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळले. कॅप्री तर फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरी वितरकांच्या दुकानांत विकली जात होती, म्हणजे बाजार कोणत्या दिशेने चालला आहे हे कंपनीला घरबसल्या दिसत होते. आयकोका डिसेंबर १९७०मध्ये फोर्डचे अध्यक्ष झाले आणि लहान मस्टँगच्या कामाला जोर आला. तेलबंदीने या निर्णयाला हात दिला, जन्म दिला नाही.

‘पिंटोवरची झूल’ हा आक्षेप तर मला नेहमीच नवल वाटायला लावतो. पहिली मस्टँग फाल्कनवर बेतलेली होती, तेव्हा ती कल्पकता ठरते, आणि दुसरी पिंटोवर बेतली की तो अपराध कसा काय ठरतो? इंधनटाकीच्या दोषामुळे १९७८मध्ये लाखो पिंटो परत मागवाव्या लागल्या आणि त्या नावाला कायमचा डाग लागला, हे यामागचे कारण असावे. त्या यादीत मस्टँग टू नव्हती.

कार्ब्युरेटर

मी वाहन उद्योगात सस्पेन्शनच्या रचनेचे काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंकडून निसटलेल्या काही तांत्रिक गोष्टी थोड्या विस्ताराने मांडतो.

प्रथम अश्वशक्तीचा हिशेब. १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या जी शक्ती छापत, ती चाचणीच्या मंचावर उघडे इंजिन ठेवून मोजलेली असे. एअर फिल्टर, आल्टरनेटर, सायलेन्सर यांचा भार त्यात धरला जात नसे. १९७२पासून हे सगळे जोडून निव्वळ शक्ती छापण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे १९७०चा आकडा आणि १९७४चा आकडा शेजारी ठेवून हळहळणे मुळातच चुकीचे आहे. १९६४च्या सर्वांत स्वस्त मस्टँगमध्ये सहा सिलिंडरचे, १७० घन इंचांचे इंजिन होते आणि त्याची छापील शक्ती जुन्या पद्धतीने १०१ होती. निव्वळ मोजली, तर ती मस्टँग टूच्या ८८पेक्षा फार वरची भरणार नाही, कदाचित खालीच येईल. व्ही-८ पाहून मस्टँग ओळखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की पहिल्या पिढीतील लाखो गाड्या सहा सिलिंडरच्याच होत्या. मात्र याचा अर्थ सत्तरच्या दशकातली घसरण हा केवळ कागदी खेळ होता असा नाही. धूरनियंत्रणाच्या नियमांमुळे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, खाली आला आणि इंजिने खरोखरच मंदावली. १९८०-८१च्या फॉक्स मस्टँगमधील २५५ घन इंचांचे व्ही-८ इंजिनही १२०च्या आतच अश्वशक्ती देत होते, पण त्याबद्दल त्या पिढीला कोणी वाळीत टाकलेले नाही.

आता पुढच्या सस्पेन्शनकडे वळतो. फाल्कनकडून आलेल्या पहिल्या मस्टँगमध्ये स्प्रिंग चाकाला धरणाऱ्या दोन आर्मपैकी वरच्या आर्मच्याही वर बसवलेली होती आणि तिला आधार देण्यासाठी इंजिनाच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे उंच मनोरे होते. या मनोऱ्यांनी इंजिनाची जागा खाल्ली. १९६७मध्ये ३९० घन इंचांचे मोठे इंजिन बसवायचे ठरले, तेव्हा सगळी गाडीच रुंद करावी लागली. ‘बॉस ४२९’साठी तर हे मनोरे कापून बाहेर सरकवावे लागले, आणि ते काम फोर्डच्या मुख्य कारखान्यात न होता मिशिगनमधील ब्रायटन येथे ‘कार क्राफ्ट’ या लहान कार्यशाळेत झाले. म्हणजे लांबपल्ला ज्याला सूज म्हणतात, तिचा बराचसा उगम या एका जुन्या मांडणीत आणि इंजिनांच्या हव्यासात आहे. मस्टँग टूमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर आली, मनोरे गेले, आणि मस्टँगला प्रथमच रॅक-पिनियन स्टिअरिंग मिळाले. शिवाय पुढचा भाग रबराच्या बुशांवर बसवलेल्या वेगळ्या सबफ्रेमवर असल्यामुळे इंजिनाची थरथर केबिनपर्यंत कमी पोहोचत असे.

या मांडणीचा पुढे काय उपयोग झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९३०-४०च्या दशकांतील जुन्या फोर्ड गाड्या आणि पिकअप घेऊन त्यांत आधुनिक इंजिन बसवणारे अमेरिकी हॉट-रॉडवाले आजही पुढच्या बाजूला ‘मस्टँग टू’चे सस्पेन्शन लावतात. ते आटोपशीर आहे, इंजिनाला मोकळी जागा देते आणि हलके वळते. मूळ गाड्या भंगारात गेल्यानंतरही त्या नमुन्याचे संच नव्याने बनवून विकले जातात. जी गाडी चारचौघांत टिंगलीचा विषय होते, तिची रचना तेच लोक स्वतःच्या सर्वांत लाडक्या गाड्यांना लावतात, याला काय म्हणावे?

तरीही लांबपल्लांचा मूळ दावा मला मान्य नाही. सस्पेन्शन उत्तम असले, तरी बाहेरचे प्रमाण बिघडले होते. लांब नाक, आखूड शेपूट हीच पहिल्या मस्टँगची खूण होती. दुसरीत पुढच्या पॅनेलवर तीच जाळी आहे, बाजूला तीच खोल रेघ आहे, पण तेरा इंची चाकांवर बसलेले ते शरीर मधेच जाड दिसते. मूळ कल्पनेतली ‘लहान’ आणि ‘परवडणारी’ ही दोन विशेषणे तिने पाळली, ‘देखणी’ मात्र नाही.

मिशिगनकर

मी डेट्रॉईटच्या जवळ राहते, आणि या वादात सगळेजण मागच्या बाजूने मोजत आहेत असे मला वाटते. एखादी पिढी मस्टँग आहे की नाही, हे शेवटी गिऱ्हाईकच ठरवते, आणि त्याने ते एकदा उघडपणे ठरवलेही आहे. ऐंशीच्या दशकात फोर्डने मस्टँगची पुढची पिढी माझ्दाच्या तंत्रावर, पुढच्या चाकांना ताकद देणारी करण्याचे जवळजवळ निश्चित केले होते. १९८७मध्ये ही बातमी फुटली, चाहत्यांनी निषेधाच्या पत्रांचा मारा केला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. ती गाडी १९८९च्या मॉडेल-वर्षासाठी ‘प्रोब’ या नावाने बाजारात आली, आणि जुन्या फॉक्स मस्टँगला १९९३पर्यंत आयुष्य मिळाले. प्रोब ज्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनत असे, त्याच कारखान्यातून २००५च्या मॉडेलपासून मस्टँग बाहेर पडते आहे. नियतीचा विनोद म्हणतात तो हाच!

मस्टँग टूविरुद्ध तेव्हा असा उठाव झाला नव्हता. लोकांनी ती रांगा लावून घेतली. आज तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिचे स्टिअरिंग कधी हातात धरले नसेल. वंशावळीचा खरा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो २०१९मध्ये जाहीर झालेल्या ‘मस्टँग माक-ई’बद्दल विचारा. चार दारे, एसयूव्हीची उंची, विजेवर चालणारी आणि मेक्सिकोत बनणारी ही गाडी नावापलीकडे मस्टँगशी काय नाते सांगते? २०२४मध्ये अमेरिकेत ती मूळ मस्टँगपेक्षा जास्त विकली गेली, हे वर.

व्हीआठप्रेमी

मिशिगनकर, माक-ईबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे, पण आपलाच निकष आपल्या विरुद्ध जातो. गिऱ्हाईकच ठरवत असेल आणि त्याने माक-ई जास्त घेतली असेल, तर ती मस्टँग ठरली पाहिजे. म्हणून खप हा निकष मला कधीच पुरेसा वाटत नाही. रुळलेल्या नावावर काहीही खपवता येते, आणि १९७४मध्येही तेच झाले.

कार्ब्युरेटर, सस्पेन्शनविषयीचे आपले विवेचन वाचनीय आहे. परंतु हॉट-रॉडवाले तो भाग गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत लावतात आणि उरलेली मस्टँग टू टाकून देतात, यातून माझेच म्हणणे सिद्ध होते.

भारतातल्या वाचकांसाठी एवढेच जोडतो, की २०१६मध्ये फोर्डने ६५ लाख रुपयांना येथे जी मस्टँग आणली, ती पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ‘जीटी’ होती. त्याच पिढीचे चार सिलिंडरचे टर्बो मॉडेल परदेशात मिळत असूनही ते येथे आणले नाही. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मस्टँग कारखान्यातूनच मिळण्याची ती पहिली वेळ होती, आणि नव्या देशात ओळख करून देताना कंपनीने कोणते इंजिन पुढे केले, ते पुरेसे बोलके आहे.

लांबपल्ला

६५ लाखांची मस्टँग हा मूळ कल्पनेचा पुरावा म्हणून दिला जावा, याची मला खरोखर मौज वाटते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसासाठी काढलेली गाडी ती हीच का?

कमॅरोचा दाखला मात्र सोडून देण्यासारखा नाही. ती तगली हे खरे, पण जेमतेम. १९७२मध्ये ओहायोतील नॉरवुड कारखान्यात महिनोन्‌महिने संप चालला, तेव्हा शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्समध्ये कमॅरो आणि तिची भावंड फायरबर्ड दोन्ही बंद करण्याचा विचार गांभीर्याने झाला होता. डॉजची चॅलेंजर, प्लिमथची बॅराकुडा आणि एएमसीची जॅव्हलिन या तिन्ही मोठ्या अंगाच्या गाड्या १९७४मध्ये संपल्याच. पुढे कमॅरो २००२मध्ये थांबली, परत आली आणि २०२४च्या मॉडेल-वर्षानंतर पुन्हा थांबली. १९६४पासून एकही वर्ष न चुकता बनत आलेली यांच्यातली गाडी मस्टँगच आहे.

ऑगस्ट २०१८मध्ये फोर्डने एक कोटीव्या मस्टँगचा सोहळा केला. त्या कोटीत मस्टँग टूच्या अकरा लाख गाड्या धरलेल्या आहेत. ज्यांना ती पिढी वगळायची आहे, त्यांनी त्या सोहळ्याची तारीखही पुढे ढकलावी.

व्हीआठप्रेमी

अवश्य ढकलू, आम्हाला घाई नाही. त्या सोहळ्यासाठी फोर्डने पांढऱ्या रंगाची, व्ही-८ इंजिनाची उघडी जीटी निवडली होती. मस्टँग टूमध्ये उघड्या टपाचे मॉडेल कधी निघालेच नाही.