दोष कारागिराचा नव्हे, खाऱ्या हवेचा

कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या कारवारातले नळ प्लंबरच्या हलगर्जीपणामुळे कुजतात, असं काही जण म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. बेळगावजवळच्या खानापुरात आमचं नळकामाचं दुकान. अणशी घाट उतरून वडिलांबरोबर मी तिकडच्या कामांना जायचो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला जोडासाठी आटे पाडताना जस्ताचा थर खरवडला जातो, आणि खाऱ्या हवेत गंज आधी तिथंच धरतो. वडील प्रत्येक सांध्याला तागाचे धागे आणि सफेदा (गळती रोखणारा पांढरा लेप) लावून वरून रंगाचा हात द्यायचेच. तिथल्या ‘काळी’ नावाच्या नदीत भरतीचं खारं पाणी आत शिरतं म्हणून तोट्याही पितळीच.

आणि कारवारचा मराठीशी संबंध फक्त बाजारापुरता, असंही म्हटलं जातं; तेही खरं नाही. कारवार ज्यात येतं तो उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, १९५६ ला म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला. आमची तिथली वयस्क गिऱ्हाइकं हिशेबाची चिठ्ठी मराठीतच मागायची.