लॉर्ड ऑफ द रिंग्ज: तिसरं आणि चौथं पुस्तक तारखेनुसार मिसळून वाचावं का?

कोपरीकर
ठाण्यातल्या आमच्या वाचनगटात टॉल्किन सुरू आहे, बहुतेकांचं पहिलंच वाचन. कादंबरीचे खंड तीन, पण आतली पुस्तकं सहा; दुसऱ्या खंडात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात, गाडी अडली. तिसऱ्या पुस्तकात अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो-सॅम या हॉबिटांचा (बुटक्या जमातीतल्यांचा) पत्ता नाही, चौथ्यात बाकीचे गायब. परिशिष्ट ‘ब’मध्ये घटनांचा कालक्रम आहे, त्यातल्या तारखा बघून दोन्हींची प्रकरणं आलटूनपालटून वाचू या, असं काहींचं म्हणणं. चालेल का? शिवाय मोरियातल्या (जमिनीखालच्या जुन्या नगरीतल्या) बॅलरॉगला, त्या आगीच्या राक्षसाला, पंख होते की नव्हते? रविवारी तलावपाळीला यावरून जुंपणार आहे.

पारसिक
पहिल्या वाचनात अजिबात नको. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत फारसं बिघडत नाही, पण एकदा सवय लागली की पाचव्या-सहाव्यालाही तेच कराल आणि तिथे सगळा खेळ जातो. चौथं पुस्तक १३ मार्चला संपतं: शीलॉब या अजस्र कोळिणीच्या विषाने निपचित पडलेल्या फ्रोडोला ऑर्क (शत्रू सॉरॉनचे सैनिक) उचलून नेतात, सॅम बंद दाराबाहेर. मग अख्खं पाचवं पुस्तक लेखक तिकडे फिरकत नाही. त्याच्या शेवटच्या प्रकरणात, २५ मार्चला, सॉरॉनचा दूत काळ्या दरवाज्यापाशी एकेक वस्तू काढून दाखवतो. आधी सॅमची आखूड तलवार, मग एल्फांचा राखाडी झगा, शेवटी फ्रोडोचं मिथ्रिल या दुर्मिळ धातूचं चिलखत. फ्रोडो पकडला गेला हे आपल्याला ठाऊक असतं, सुटला की नाही ते नसतं. म्हणून दूताच्या अटी धुडकावणाऱ्या जादूगार गँडाल्फच्या उत्तराला वजन येतं. तारखेने लावलंत तर सॅम १४ मार्चलाच त्याला बुरुजात शोधून काढतो, हे तुम्ही आधीच वाचलेलं असेल. मग त्या दूताला कोण भीक घालणार?

सीवूड्स_वाचक
पहिल्या वाचनापुरतं मान्य. दुसऱ्या वेळी मात्र तक्ता कराच: एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात फ्रोडो-सॅम, तिसऱ्यात बाकीचे. लोक हमखास चुकतात ते फेब्रुवारीत. शायरच्या (हॉबिटांच्या मुलखाच्या) कालगणनेत प्रत्येक महिना ३० दिवसांचा, त्यामुळे ३० फेब्रुवारी ही खरीखुरी तारीख आहे (एंटांची, म्हणजे झाडांसारख्या दिसणाऱ्या वनरक्षकांची, सभा त्याच दिवशी सुरू होते). आपल्यासारखा २८ दिवसांचा धरलात की पुढचं सगळं दोन दिवसांनी सरकतं.

खुंट्या, म्हणजे दोन्हीकडच्या पक्क्या तारखा, आधी ठोका, मधलं नंतर भरा. २९ फेब्रुवारीला मेरी-पिपिन या दुसऱ्या दोन हॉबिटांना ट्रीबिअर्ड हा एंट भेटतो आणि त्याच दिवशी फ्रोडो-सॅमला अंगठीचा जुना धनी गोलम. ५ मार्चला फ्रोडो मोरानॉनसमोर (तोच काळा दरवाजा) लपलेला, तिकडे गँडाल्फ ऑर्थँक बुरुजाच्या पायऱ्यांवर फितूर जादूगार सरुमानशी बोलतोय. ही खुंटी तर लेखकाने स्वतःच, चौथ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ठोकून ठेवलीय, नीट बघा. १० मार्चला सूर्य उगवतच नाही. त्या अंधारात फ्रोडो चौरस्ता ओलांडतो आणि मॉर्गुलची, म्हणजे सॉरॉनच्या गडावरची, फौज बाहेर पडताना बघतो. पाचव्या पुस्तकात मिनास टिरिथ या गोंडोरच्या राजधानीवर चाल करून येते ती हीच फौज.

घोडबंदर
पंखांबद्दल. पहिल्या उल्लेखात त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरते, म्हणजे उपमा. थोड्याच ओळींनी पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरतात, तिथे ‘सारखे’ गळलंय. भांडण एवढ्यावरच आहे. माझ्या मते दुसरं वाक्य पहिल्याच सावलीबद्दल बोलतं. ‘दरीत कोसळला, म्हणजे पंख नव्हतेच’ हा युक्तिवाद मात्र कच्चा. पंख असून न उडणारे पक्षी काय कमी आहेत?

पारसिक
आणि हो, गटात कोणी पहिल्या पुस्तकातली सहावं ते आठवं प्रकरण, म्हणजे टॉम बॉम्बॅडिलचा भाग, गाळायचं सुचवलं तर ऐकू नका. बॉम्बॅडिल कथानकाला लागत नाही असं वाटतं, पण बॅरो-डाउन्सच्या थडग्यातून हॉबिटांना मिळालेली पाती तिथलीच. अँगमारच्या राजाशी लढणाऱ्यांनी घडवलेली. तोच राजा पुढे नाझगुलांचा, म्हणजे सॉरॉनच्या नऊ काळ्या स्वारांचा, प्रमुख म्हणून समोर येतो. १५ मार्चला मेरी मागून त्याच्या गुडघ्याच्या शिरेवर वार करतो तो त्यातल्याच पात्याने, आणि त्या पात्यानेच त्याच्या देहावरची जादू तुटते. रोहनच्या राजाची भाची इओविन हिचा वार त्यानंतरचा. तीन प्रकरणं उडवलीत तर सगळं श्रेय ‘हा पुरुषाच्या हातून मरणार नाही’ या भविष्यवाणीलाच जाईल.