गावातल्या टॉवरचं अपग्रेड खरंच चालू आहे का, कसं ओळखायचं? (राजापूर तालुका)

सड्यावरची:
नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात, टॉवर वर सड्यावर आणि आमची वाडी खाली वहाळाजवळ, मध्ये काजूची बाग नि उतार. आईबाबा गावीच असतात आणि माझं काम घरून असल्यामुळे मीपण आता बराचसा काळ इकडेच. फोनवर कांड्या फुल, ४जी पण लिहिलेलं असतं, पण संध्याकाळी सात वाजले की नेट असं लटकतं की व्हिडिओ कॉल सोडाच, यूपीआयचं चाक फिरत राहतं आणि दुकानदार काका तसेच ताटकळत उभे. कस्टमर केअरला फोन केला की "आपल्या भागात अपग्रेडचं काम सुरू आहे" हे एकच उत्तर, गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून तेच ऐकतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये. काम खरंच होतंय का हे आपलं आपल्याला बघता येईल असं काही ॲप, सरकारी साईट आहे का? आणि तोवर दुसरं सिम घ्यावं तर कुठलं, ते कसं ठरवायचं?

नेटवर्कवेडा:
ताई, आधी कांड्या बघणं सोडा. कांड्यांवरून सिग्नल किती जोरात पोचतोय एवढंच कळतं, त्या टॉवरवर गर्दी किती आहे ते अजिबात कळत नाही. अँड्रॉइड असेल तर नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाका, फुकट आहे, लोकेशनची परवानगी मागेल ती द्या, त्याशिवाय अँड्रॉइड टॉवरची माहितीच देत नाही. त्यात ईएनबी म्हणून एक नंबर दिसेल, तो तुमच्या टॉवरवरच्या तुमच्या कंपनीच्या ४जी यंत्रणेचा नंबर समजा. काही फोनमध्ये नुसता लांबलचक सेल आयडी दिसतो, त्याला २५६ ने भागा, भागाकार म्हणजे ईएनबी आणि बाकी म्हणजे सेक्टर (एका दिशेला सिग्नल सोडणारा टॉवरचा भाग, यालाच सेलही म्हणतात). त्याच्या शेजारी बँड (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चाललंय ते) दिसेल आणि आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर, उणे आकड्यात. उणे ८५ च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या खाली गेला की रडारड सुरू.

आता मुद्दा असा की टॉवरवर नवीन बँड चढवला की सहसा त्याच ईएनबीखाली नवा सेक्टर नंबर नि नवा बँड दिसायला लागतो, आणि हे कस्टमर केअरला कळायच्या आधी तुमच्या फोनला कळतं. म्हणून घरातली एक जागा आणि टॉवरजवळची एक जागा ठरवून टाका, दर आठवड्याला तिथूनच स्क्रीनशॉट काढा, जागा बदलली की तुलनेला काही अर्थ राहत नाही.

सेलमॅपरपण बघा, लोकांनी गोळा केलेला नकाशा आहे तो, प्रत्येक सेल पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी दिसला ती तारीख त्यात येते. गावाकडे मात्र तो बराच रिकामा असतो आणि टॉवरची जागाही अंदाजे दाखवतो, तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग चालू ठेवून एसटीने राजापूरपर्यंत जाऊन आलात तरी रस्त्याकडेचा पट्टा भरून निघेल.

ठाणेकर:
आयफोनवर यातलं काय चालतं? गावी गेलो की मलाही हाच त्रास.

नेटवर्कवेडा:
आयफोनवर ही ॲप्स सेलची माहिती वाचू शकत नाहीत. *३००१#१२३४५#* डायल करा, फील्ड टेस्ट उघडेल, त्यात बँड नि आरएसआरपी मिळतो. रोजची नोंद ठेवायची तर घरातला एखादा जुना अँड्रॉइड बरा.

घाटमाथा:
सरकारी साईट विचारलीत म्हणून लिहितो. दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, २०१७ पासून. मूळ हेतू रेडिएशनची माहिती देण्याचा, पण त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर बघता येतात. (४००० रुपये भरून रेडिएशनची मोजणीसुद्धा करून घेता येते, गावात त्यावरून वाद असतील तर उपयोगी.) दुसरं म्हणजे ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना २जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे कव्हरेजचे नकाशे स्वतःच्या वेबसाईटवर टाकावे लागतात. ते बघा, पण तिथेही रंग भरलेला म्हणजे सिग्नल आहे इतकंच, संध्याकाळी सातचा स्पीड त्यात नाही.

आणि एक कळकळीने सांगतो, गावात सगळ्यांना सांगून ठेवा. "तुमच्या जागेत टॉवर बसवतो, आधी फी भरा" असे फोन आणि पत्रं येतात, ट्रायचं नाव नि शिक्का लावून. ट्राय असलं काही करत नाही, खरी कंपनी जागेचं भाडं देते, तुमच्याकडून पैसे घेत नाही. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या माणसाची जमवलेली पुंजी यात गेली.

अँटेनाखालचा:
मी टॉवरच्या साईटवर काम केलंय, म्हणून फोन बाजूला ठेवून टॉवरकडे बघायला सांगतो. कुंपणाबाहेरूनच, मोबाईलचा कॅमेरा झूम करून. लांबट उभी पॅनल दिसतात ती अँटेना, त्यांच्या मागे छोटे डबे आणि त्यातून काळ्या जाड केबल पॅनलला गेलेल्या. ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झवाला अँटेना वेगळा ओळखू येतो, आखूड, रुंद, जाड खोकं, कारण रेडिओ आतच असतो, मागे तसल्या केबलींचा गुंता नसतो. दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढा, नवीन डबा चढला की लगेच दिसतो.

पण तुमच्या वर्णनावरून माझा संशय दुसरीकडे आहे. टॉवरवर पांढरा गोल ढोल दिसतो का बघा. तो मायक्रोवेव्ह, म्हणजे तुमच्या टॉवरला नेट दुसऱ्या टॉवरकडून हवेतून येतंय. अशा लिंकची क्षमता ठरलेली असते आणि तिच्यावर अजून पुढचे टॉवर लटकलेले असले तर सगळ्यांची वाटणी त्यातच. मग वर कितीही नवे बँड चढवा, पाईपच बारीक असेल तर संध्याकाळी तेच होणार. त्यामुळे तुमच्याकडे खरं अपग्रेड म्हणजे फायबर. रस्त्याकडेने चर खणून केबल टाकताना दिसली आणि ती टॉवरच्या कुंपणात शिरली तर ती सगळ्यात चांगली बातमी.

सड्यावरची:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. नेटमॉन्स्टर टाकून बघितलं. अंगणात बँड ३, आरएसआरपी उणे ९६. वर दुकानापाशी, टॉवर अगदी समोर, तिथेही बँड ३ च, फक्त सेक्टर वेगळा आणि आरएसआरपी उणे ७१. ईएनबी दोन्हीकडे एकच. पण संध्याकाळी स्पीड दोन्ही ठिकाणी सारखाच मेलेला, आणि पहाटे पाचला खाली अंगणातसुद्धा छान. ढोल आहे, दोन आहेत, एक मोठा एक लहान.

अँटेनाखालचा:
बघा, टॉवरखाली उभं राहूनही स्पीड नाही म्हणजे अंतराचा प्रश्न मिटला. एकाच सेक्टरवर गर्दी असती तर दुसऱ्यावर बरं चाललं असतं, दोन्ही एकदम बसतात म्हणजे बोट लिंककडेच जातं. दोन ढोल म्हणजे एकीकडून घेतो आणि बहुतेक पुढे कोणाला तरी देतोय. तक्रारीत हेच लिहा, तारीख, वेळ, ईएनबी, दोन्ही सेक्टर, दोन्ही आकडे. "नेट स्लो आहे" लिहिलं की फोन रीस्टार्ट करा म्हणून उत्तर येतं, हे लिहिलं की तक्रार निदान नेटवर्कवाल्या माणसापर्यंत जायची शक्यता वाढते.

घाटमाथा:
आणि तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यानंतर दूरसंचार विभागाकडे पीजी पोर्टलवरून (केंद्र सरकारची तक्रारींची साईट). ट्रायकडे एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाहीत, तिकडे वेळ घालवू नका. वाडीतल्या पाचसहा जणांनी आपापल्या नंबरवरून तक्रार टाकली तर अजून चांगलं.

नेटवर्कवेडा:
दुसऱ्या सिमबद्दल: विकत घ्यायच्या आधी पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन संध्याकाळी सात ते नऊ या वेळात अंगणात लावून बघा, दुपारी बघून काही उपयोग नाही. तुमची वाडी खोलगटात आहे म्हणून ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारखा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड मिळाला तर घरात आतपर्यंत येईल. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं, त्यात ७०० म्हणजे बँड २८ आहे, जवळच्या टॉवरवर चालू असेल तर बघण्यासारखं आहे. पण आईबाबांच्या हँडसेटला बँड २८ आहे का ते आधी तपासा, जुन्या फोनमध्ये बऱ्याचदा नसतो आणि मग सिम घेऊनही ७०० वरचं ४जी मिळत नाही.

सड्यावरची:
बाबांच्या फोनला नाहीये, माझ्यात आहे. तक्रार आज टाकते, शेजारच्या दोघांना पण सांगितलंय. एक शेवटचं, नवीन बँड चढवताना रेंज पूर्ण जाते का? पावसाळ्यात लाईट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी संपून फोनच बंद पडतो, तर आता रेंज गेली की ती कशामुळे हे कसं ओळखायचं?

अँटेनाखालचा:
लाईटमुळे गेला तर त्या टॉवरवरच्या जवळपास सगळ्याच कंपन्या मागेपुढे जातात. कामामुळे गेला तर तुमचीच कंपनी जाते, सहसा दिवसा, गाडी आणि कमरेला पट्टा बांधलेले रिगर वर दिसतात, आणि काही तासांत परत येतो. त्यानंतर ॲपमध्ये शेजारच्या सेलच्या यादीत नवा बँड दिसला पण फोन काही केल्या त्यावर जात नाही असं झालं तर फोन रीसेट वगैरे करत बसू नका, टेस्टिंग पूर्ण होईपर्यंत तो सेल ग्राहकांसाठी बंदच ठेवलेला असतो. त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.